कान दिलेलं इंजिन

जीपचं इंजिन गेलं, ते जाताना गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते फक्त गाडी चालवणाऱ्याने.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. जिंतूरचा बाजार करून चारठाण्याला परतणारी माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसली होती. रस्त्यावर नवी खडी टाकलेली, त्यामुळे गाडीचा खिळा न् खिळा हादरत होता. ओढा ओलांडून गाडी चढाला लागली आणि बॉनेटखालून ठक-ठक सुरू झाली. आधी दबकी, मग कुणीतरी आत कोंडलंय आणि बाहेर काढा म्हणून हातोडीने ठोकतंय अशी. मागच्या फळीवर उभा असलेला बन्सीधर ओरडला, "काका, आतून ठोकायलंय! उभी करा!" बन्सीधर हा गाडी चालवणाऱ्या सूर्यभानचा पुतण्या, आणि गाडीचा क्लीनर.

"गप रे," मांडीवर भाजीचं गाठोडं घेऊन बसलेली नर्मदाबाई म्हणाली. "दादाला कळत न्हाई व्हय? इंजिनाचं तू शिकिवणार का त्याला?"

गाडीत हशा पिकला. सूर्यभानने आरशात पाहिलं, सगळे हसतायत म्हणून तोही हसला, आणि पाय अजून थोडा दाबला.

शेजारच्या सीटवर त्याची मुलगी सुला होती. तिलाही नर्मदाबाईसारखंच वाटलं. बाबांना कळलं असणार, चढ संपला की उभी करतील. चढ संपला. गाडी काही उभी राहिली नाही. सुलाने वळून पाहिलं, तर सूर्यभानच्या चेहऱ्यावर घरी परतणाऱ्या माणसाचा निवांतपणा होता. "बाबा!" म्हणून तिने त्याच्या दंडाला हात लावला, आणि त्याच वेळी मोठा कडाका झाला. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकची, म्हणजे ओतीव सांगाड्याची, भिंत फोडून बाहेर आला होता. काळं तेल खडीवर सांडत गेलं. माणसं उतरली, गाठोडी डोक्यावर घेऊन चालू लागली.  

सूर्यभान पंधरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. सुटून आला तो लष्कराच्या लिलावातली ही जीप घेऊनच. गावातली पहिली चारचाकी बौद्धवाड्यात आली, याचं गावाला बरेच दिवस काहीतरी वाटत राहिलं होतं. पण त्याचं नाव झालं ते गाडीमुळे नव्हे, कानामुळे. जुनं इंजिन विकत घ्यायचं, मग ते जीपचं असो, ट्रॅक्टरचं असो की विहिरीवरच्या पंपाचं, तर सूर्यभानला सोबत न्यायचं, अशी जिंतूरपासून पाथरीपर्यंत रीतच पडली होती. त्याच्याजवळ बाभळीची हातभर कांडी होती. तिचं एक टोक चालत्या इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून तो ऐकायचा. याला गॅरेजमध्ये 'कान देणं' म्हणत. विकणाऱ्या मिस्त्रीने इंजिनातला दोष आपणहून सांगायचा नाही आणि ऐकणाऱ्याने तो ओळखून भाव पाडायचा, असा हा खेळ. ऐकणाऱ्याने ब्लॉकवर दोन थापा मारल्या की सौदा पक्का. मग दुसऱ्या कुणी कांडी लावून पाहायची नाही. तो अपमान.

ज्या घरांत सूर्यभानला चहा ओसरीच्या खाली मिळायचा आणि कप स्वतः विसळून ठेवावा लागायचा, त्याच घरचे मालक त्याला न्यायला गाडी पाठवायचे. इंजिनापाशी त्याने एक बोट वर केलं की ते मालक, त्यांचे भाऊ, सालगडी, सगळे श्वास धरून उभे राहायचे. सूर्यभान हे कधी बोलून दाखवत नसे. पण बाबा एवढे ताठ चालतात ते कशाच्या जोरावर, हे सुलाला लहानपणापासून माहीत होतं.

तो जोर आता उरला नव्हता, आणि ही गोष्ट निदान घराबाहेर तरी कुणाला माहीत नव्हती.

सुला औरंगाबादला बी.एस्सी. झाली होती आणि जिंतूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. इंजिन गेल्यानंतरच्या रविवारी तिने शाळेतून नादकाटा घरी आणला. सूर्यभान पाटावर जेवायला बसला होता. त्याच्या पाठीमागे उभं राहून तिने काटा रबरी ठोकळ्यावर मारला. स्वयंपाकघरभर स्वच्छ, लांबलचक सूर घुमला. चुलीपुढून आईने मान वर केली. सूर्यभान भाकरी कुस्करत राहिला. मग सुलाने काटा पुन्हा मारला आणि त्याची दांडी हळूच पाटाच्या कडेला टेकवली.

सूर्यभान लगेच वळला. "काय करायलीस गं? पाट कामून थरथरायलाय?"

"काही न्हाई बाबा. शाळेतलं हाय."

म्हणजे गेली दोन-तीन वर्षं बाबा गाडी चालवत होते ती तळहाताने आणि तळपायाने. गिअरच्या दांड्यातून, स्टिअरिंगमधून, पायाखालच्या पत्र्यातून इंजिन त्यांच्याशी बोलत होतं. त्या दिवशी खडीच्या हादऱ्यात तेवढं बोलणं बुडालं. सुलाला प्रयोगाचं उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर बरोबर आल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदा तिला झाला नाही.   दोघं नव्या इंजिनाविषयी बोलू लागले.

परभणीला इब्राहीम मिस्त्रीच्या गॅरेजात दोन इंजिनं होती. एक आधीच्यासारखंच पेट्रोलचं, दुसऱ्या एका मोडीतल्या जीपमधून काढलेलं. ते उचलून ठेवलं की बसलं. दुसरं डिझेलचं, अपघातात चेपलेल्या एका गाडीतलं. ते जड, उंच. गिअरबॉक्सला जोडायला वेगळी प्लेट कापावी लागणार, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन सरकवावं लागणार, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवावं लागणार.

"पण बाबा, डिझेलच बसवू," सुला म्हणाली. ती आता बोलताना त्याच्या समोर, उजेडात बसायची. "पेट्रोलच्या भावाचं काय होऊन बसलंय ते बघताय ना वर्षभर? आणि डिझेलला कमी फेऱ्यात ताकद जास्त. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी रेस न देता निघंल."

"डिझेल म्हंजे पिठाची गिरणी," सूर्यभान म्हणाला. "गिरणीवर बसून जिंतूरला जाऊ व्हय मी?"

"जावा की," आई, सगुणाबाई, चुलीपुढून म्हणाली. "येताना दळण तरी घिऊन याल."

सूर्यभानने ते ऐकलं नाही. सुला हसली म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं, आणि मग तोही हसला.

"सांगा ना, डिझेल कामून नको?"

तो जरा वेळ आपल्या पंजाकडे बघत राहिला. "हाताला लागत न्हाई ते," म्हणाला.

कानाला गोड लागत नाही, असं इतर कुणीही म्हणालं असतं. सुलाला सगळं एकदम समजलं. डिझेल इंजिन उभ्या गाडीतसुद्धा सगळा सांगाडा हलवतं. त्या थरथराटात हाताला बारीकसारीक काही कळणार नाही. पेट्रोलचं इंजिन बसलं तर बाबा अजून काही वर्षं ड्रायव्हर राहतील. डिझेल बसलं की त्याच दिवशी ते ठार बहिरे होतील. तिने केलेल्या हिशेबात हे कुठेच नव्हतं.

"मग पेट्रोलचंच घेऊ," ती म्हणाली.

तो इतका खूश झाला, की तिला तिथून उठून जावं लागलं.

परभणीला ती सोबत गेली. बन्सीधरही होता. इब्राहीमचं गॅरेज स्टेशनच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली. सूर्यभान स्वतःच्या गाडीसाठी कान द्यायला येणार, ही बातमी आधीच पोहोचली होती. ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आलेले दिनकरराव देशमुख खुर्ची टाकून बसले होते. आणखी पाच-सहा ड्रायव्हर, फिटर उगाच रेंगाळत होते.

"आ गया फौजी!" इब्राहीमने तेलकट हात पसरले. "लोगां के वास्ते आके मेरे को लूटता था, आज खुद के वास्ते आया. आज तो मेरे बदन पे कपडे भी नहीं छोडता ये!"

"तुझे कपडे कोण घेतंय रे? जीपला पुसायला बी चालायचे न्हाईत," सूर्यभान म्हणाला. त्याची नजर इब्राहीमच्या ओठांवर होती. सगळे हसले.

"सूर्यभान, जाता जाता आमच्या ट्रॅक्टरलाबी कान दे बरं का," दिनकरराव म्हणाले.

सूर्यभान पाठमोरा होता. बन्सीधरने पटकन त्याच्या खांद्याला हात लावून ट्रॅक्टरकडे बोट केलं. "देतो की, मालक," सूर्यभान म्हणाला. म्हणजे बन्सीलाही माहीत होतं. सुला आणि बन्सीने एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरीकडे नजर वळवली.

पेट्रोलचं इंजिन लोखंडी घोड्यावर बसवलेलं होतं. इब्राहीमने सेल्फ मारला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि मंद फिरू लागलं. सूर्यभानने बोट वर केलं. पलीकडे घासकाम चाललं होतं ते थांबलं. दिनकररावांनी विडी खाली केली.

आणि त्या शांततेत सुलाने ऐकलं. टिक-टिक. टिक-टिक. जोडीजोडीने येणारा, पातळ, पत्र्यावर नखाने मारल्यासारखा आवाज. इब्राहीमने जरा रेस दिली की तो नाहीसा व्हायचा, सोडली की पुन्हा यायचा. ती लहान असताना बाबांनीच तिला मांडीवर घेऊन हा आवाज शिकवला होता: ही गजन पिन, पिस्टनला रॉड जोडणारी, झिजली की अशी चुगली करते. इब्राहीमचे डोळे मिस्कील झाले होते. आता फौजी पिनेचं नाव घेणार, मग मी शपथा घेणार, मग तो माझ्या बापजाद्यांपर्यंत जाणार, मग चहा येणार, असं सगळं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सूर्यभानने कांडी चार ठिकाणी लावली. डोळे मिटले होते. डावा तळहात ब्लॉकवर सपाट टेकवलेला होता, आणि खरं ऐकत होता तो हातच, हे तिथे फक्त सुलाला दिसत होतं. त्या हाताला मोठी बेअरिंगं कळली असतील, चारही सिलिंडर सारखे मारतायत हेही कळलं असेल. नखाएवढी टिकटिक जड ओतीव लोखंडातून तळहातापर्यंत येणार नव्हती.

त्याने डोळे उघडले. इब्राहीमकडे न बघता आधी सुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं, बाबा सांगतायत की हे घेतो आता. तिने चेहरा हसरा ठेवला आणि मान डोलावली.

"साफ हाय," सूर्यभान म्हणाला. "घेतलं." आणि ब्लॉकवर दोन थापा मारल्या.

 इंजिन आपलं फिरत होतं, टिक-टिक, टिक-टिक. "अरे पण ते..." म्हणून दिनकरराव खुर्चीतून अर्धे उठले. सूर्यभानच्या पाठीमागे इब्राहीमने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि त्यांना खाली बसवलं.

"हौ," इब्राहीम समोर येऊन म्हणाला. "एकदम साफ."

"भाव बोल."

"तू बोलेगा वो."

सूर्यभान थबकला. इतक्या वर्षांत इब्राहीम एका शब्दात कधी कबूल झाला नव्हता. साध्या पंख्याच्या पट्ट्यासाठी त्याने अल्लाला साक्षीला बोलावलं होतं, लेकरं उपाशी मरतील म्हणून ऊर बडवला होता. आज तो मान खाली घालून फडक्याला हात पुसत होता. सूर्यभानने एकेक तोंड न्याहाळलं. ओठ वाचता वाचता गेल्या काही वर्षांत त्याला चेहरेही वाचता यायला लागले होते. फिटर जमिनीकडे बघत होते. दिनकररावांनी टोपी काढून मांडीवर घेतली होती. त्यांनी सूर्यभानसमोर टोपी कधी काढली नव्हती.

इब्राहीमने इंजिन बंद केलं.

"सुले," सूर्यभान म्हणाला, "काय वाजायलंय त्याच्यात?"

"बाबा, काही..."

"माझ्याकडं तोंड करून सांग, माय."

तिने तोंड केलं. "गजन पिन."

"बारीक का मोठ्यानं?"

"बारीक."

"ह्या सगळ्यांला आली?"

 उत्तर त्याने तिच्या तोंडाकडे बघूनच घेतलं. "मी तुला इचारत होतो गं," तो हळू म्हणाला. "मघाशी. तुझ्याकडं बघून मी इचारत होतो."

 मघाशी तिने नुसती मान हलवली असती, नाही म्हणून, तर निभावलं असतं. तो पिनेचं नाव अंदाजाने घेऊ शकला असता. असल्या इंजिनाचे दोष मोजकेच असतात, आणि त्याला ते पाठ होते. पण त्याने मागितलेली मदत तिला ओळखू आली नव्हती. ओळखू न येण्याची तिने सवयच लावून घेतली होती.

"देख फौजी," इब्राहीम पुढे सरसावला, "पिन मैं बदल देता. कल शाम तक. कौन-सी बडी बात है? तेरीच गाडी, तूच चला."

"पिन बदलशील रे," सूर्यभान म्हणाला. "बाकीचं?"

तो बाहेर नळावर गेला. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. परत आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त जरा मोठा. बहिऱ्या माणसाचा असतो तसा, जो त्याने आजवर जपून खाली ठेवला होता.

"थाप मोडतो मी माझी. पेट्रोलचं नको. ते डिझेलचं बसव."

"तेरे को डिझेल नक्को था ना?"

"मला नकोच हाय. बन्सीला पाहिजे. आता बन्सी चालवील."

"काका, मी न्हाई..." बन्सीधर म्हणाला.

"तुला कान हायत," सूर्यभान म्हणाला.

कुणीतरी डिझेलच्या इंजिनाला बॅटरी जोडली. रिवाजाप्रमाणे घेणाऱ्याने कान द्यायचा. सगळे वाट बघत राहिले. सूर्यभान लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि म्हणाला, "इब्राहीम, तूच ऐक. काही असंल तर सांग." विकणाऱ्याने आपल्याच मालाला कान द्यावा, असं त्या गॅरेजात कधी झालं नव्हतं. इब्राहीमने दुसऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून चारी बाजूंनी ऐकलं. मग त्याने सूर्यभानपुढे येऊन उकिडवं बसत, एकेक बोट मोडून, त्या इंजिनातले सगळे दोष सांगितले. काही न विचारता सांगितले. सांगताना त्याचा आवाज चिरकत होता, ते सूर्यभानला कळलं नसावं.

दिनकररावांनी ट्रॅक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही.

काम बरेच दिवस चाललं. सूर्यभान रोज एसटीने परभणीला जायचा. प्लेट कापताना छिद्रांची मापं त्यानेच धरली, पुढची पाटी कुठलं पान घालून किती उचलायची तेही त्यानेच दाखवलं. नवं इंजिन उंच म्हणून बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचा फुगा बसवावा लागला. तो फुगा त्याने स्वतः कानशीने गुळगुळीत केला, मुलीच्या लग्नाचं काम असावं इतक्या मन लावून. घरी मात्र तो कमी बोलू लागला. सगुणाबाई मोठ्याने बोलायला शिकली. तेव्हा तो म्हणायचा, "ओरडू नकोस, बघायलोय मी तुझ्याकडं."

जीप तयार झाली त्या दिवशी सुलाने शाळेतून रजा काढली. बन्सीधरने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि तसाच उभा राहिला. "काका, आज तुमी. आजच्यापुरतं."

सूर्यभान वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि बसला. सुला मागे बसली. गाडी निघाली तशी सगळी थरथरू लागली. आरसा, काचा, सीटखालचा पाना. बन्सीधर सांभाळून चालवत होता. परभणी मागे पडली, ज्वारीची रानं सुरू झाली.

मागून सुलाला बाबांचे पाय दिसत होते. समोरच्या रिकाम्या पत्र्यावर ते गाडी चालवत होते. वळण आलं की उजवा पाय सैल व्हायचा. चढ लागला की डावा पाय अलगद दबायचा, क्लच दाबावा तसा, आणि हात मांडीवरच जरासा पुढे जायचा. पण जुळत नव्हतं. डिझेलच्या फेऱ्या लवकर संपतात. त्याला गिअर आधी लागतो. बन्सीधर गिअर बदलून मोकळा व्हायचा आणि मग, जुन्या इंजिनाने जिथे मागितला असता तिथे, सूर्यभानचा पाय दबायचा. दर वेळी उशिरा. एकदा, दोनदा, तीनदा. त्यालाही ते कळलं असावं. त्याने डॅशबोर्डवर तळहात टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला.

बोरीच्या पुढे चढ आला. बन्सीधरने गिअर बदलला. सुला बघत राहिली. सूर्यभानचा डावा पाय उचलला गेला, हवेत थोडा थांबला. मग त्याने दोन्ही वहाणा काढून बाजूला सारल्या, पाय वर घेतले, आणि चढ संपून उताराला लागलेल्या गाडीत, बाजारातून परतणारा कुणीही उतारू बसतो तशी सीटवर मांडी घालून तो बसला.